डॉक्टर दूर, वजन जास्त: कोकणातील पुरुषांसाठी दूरसल्ल्याने वजन उतरवण्याचा मार्ग

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीतून कणकवलीला किंवा सिंधुदुर्गनगरीला फिजिशियनकडे जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. आंब्याच्या मोसमात असा दिवस मोडायला कोणी तयार नसते, जूनमध्ये शेत वाट पाहत असते, गणपतीत तर विषयच निघत नाही, आणि असे करता करता कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडण्याची वेळ येते. माझे थोरले बंधू अण्णा याच वाटेने गेले. वय ४९, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८७ किलो आणि रक्तदाबाची एक गोळी, अशा अवस्थेत त्यांनी व्हिडिओ कॉलवरून डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवायला घेतले. त्या सगळ्या काळातली त्यांची वही मी लिहीत होतो, आणि त्या वहीच्या आधारावर हा लेख लिहीत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. फोनच्या पलीकडच्या डॉक्टरांना तुमचे पोट दाबून पाहता येत नाही, पायाची सूज बोटाने तपासता येत नाही आणि छातीला नळी लावता येत नाही. तुम्ही सांगाल तेच त्यांना ठाऊक होते. म्हणून आकडे खरे हवेत, लपवाछपवी नको, आणि हात लावून तपासणारा एक डॉक्टर जवळपास हवाच.

पहिली पायरी: घरीच मोजून घेणे

किलोमधल्या वजनाला सेंटिमीटर नव्हे तर मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. अण्णांचा हिशेब असा: १.६८ गुणिले १.६८ म्हणजे सुमारे २.८२, आणि ८७ भागिले २.८२ म्हणजे ३०.८. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असे मानले जात आले आहे, कारण आपल्याकडे तुलनेने कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी जी सुधारित व्याख्या मांडली, तीत २३ हा आकडा उंबरठा म्हणून धरून पोटाची चरबी आणि सोबतचे आजार यांवरून लठ्ठपणाचे दोन टप्पे केले आहेत.

पुरुषांच्या बाबतीत बीएमआयइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, पोटाचा घेर महत्त्वाचा आहे, आणि तो ९० सेंटिमीटरच्या आत असावा. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण आपण पँट किंवा लुंगी पोटाच्या खाली बांधतो आणि तेच कमरेचे माप समजतो. शिंप्याची टेप घ्यावी, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या बरोबर मध्ये ती आडवी धरावी, श्वास सहज सोडावा आणि पोट आत न ओढता आकडा वाचावा. अण्णांची पँट ३६ इंची होती, म्हणजे ९१ सेंटिमीटर, आणि टेपने पोटाचा घेर भरला १०४.

वजनकाटा लादीवर ठेवावा. सारवलेल्या जमिनीवर किंवा ओबडधोबड चिऱ्यावर तो दर वेळी वेगळे बोलतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, आठवड्यातून एक ठरावीक वार धरून वजन करावे. रोज केले तर मीठ, पाणी आणि पोटातले अन्न यांच्या चढउतारानेच माणूस हिरमुसतो. दंडाला बांधायचे रक्तदाबाचे यंत्र घरात असलेच पाहिजे. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, चहा आणि तंबाखू त्याआधी अर्धा तास टाळावेत, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. घरी मोजलेला रक्तदाब सातत्याने १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे.

दुसरी पायरी: दूरसल्ला कोणाला पुरणार नाही

चालताना छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, पायांना सूज, काही आठवड्यांत झपाट्याने वाढलेले किंवा कारणाशिवाय घटलेले वजन, कावीळ, पूर्वी झालेला स्वादुपिंडाचा दाह यांपैकी काही असेल, तर पहिली भेट प्रत्यक्षच झाली पाहिजे. छातीत दुखणे आता चालू असेल तर व्हिडिओ कॉल लावत बसू नये, १०८ ला फोन करावा.

तिसरी पायरी: डॉक्टर निवडणे

भारतात दूरसल्ल्याला २५ मार्च २०२० पासून अधिकृत मार्गदर्शक नियमांचा आधार आहे. नोंदणीकृत डॉक्टर देशात कुठूनही, देशातल्या कुठल्याही रुग्णाला सल्ला देऊ शकतात, म्हणजे देवगडच्या माणसाने पुण्याच्या अंतःस्रावतज्ज्ञांना (संप्रेरकांच्या डॉक्टरांना) दाखवणे पूर्णपणे नियमात बसते. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर दिलाच पाहिजे, रुग्णाची ओळख आणि वय विचारले पाहिजे, आणि प्रत्यक्ष तपासणीची गरज वाटली तर तसे सांगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. झोपेच्या आणि नशा आणणाऱ्या काही औषधांची चिठ्ठी दूरसल्ल्यातून देताच येत नाही. सरकारची ई-संजीवनी ही दूरसल्ल्याची सेवा मोफत आहे. तिथे वजनाचा सविस्तर कार्यक्रम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, पण रक्तदाब, साखर आणि पुढे कोणाकडे जावे हे विचारायला ती चांगली आहे, आणि उपकेंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्या मदतीनेही ती वापरता येते.

इथे आमचा एक अनुभव सांगतो. सुरुवातीला अण्णांनी फोनवरच्या एका जाहिरातीतून दहा प्रश्नांचा फॉर्म भरला. अर्ध्या तासात एका मुलीचा फोन आला, तिने स्वतःला सल्लागार म्हटले आणि वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागितले. रक्तदाब किती, साखर किती, आधीची गोळी कोणती, हे एकदाही विचारले नाही, आणि डॉक्टरांचे नाव विचारल्यावर ‘पैसे भरल्यावर कळेल’ असे उत्तर मिळाले. मला त्या दिवशी खरोखर राग आला, कारण माझ्या भावाला कोणी न पाहता सुई टोचायला निघाले होते. असे उत्तर मिळाले की फोन ठेवून द्यावा. डॉक्टर स्वतः बोलतात का, पहिला सल्ला निदान वीस-पंचवीस मिनिटांचा असतो का, तपासण्या आधी मागतात का, आणि औषध कुठल्याही मेडिकलमधून घ्यायची मोकळीक देतात का, हे चार प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत.

चौथी पायरी: तपासण्या आणि जवळचा डॉक्टर

रक्ताच्या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्ये होतात: उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, यकृतासाठी एसजीपीटी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि हिमोग्लोबिन. वय आणि त्रास पाहून डॉक्टर ईसीजी किंवा पोटाची सोनोग्राफीही सांगतात. पोट सुटलेल्या पुरुषांच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसणे हे इतके सर्रास आहे की अनेकजण ते मनावर घेत नाहीत. ते मनावर घ्यावे.

याच फेरीत गावच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष तपासून घ्यावे, आणि आपण दूरच्या डॉक्टरांकडे वजनासाठी उपचार घेत आहोत हे त्यांना सांगावे. माझे मत विचाराल तर इंजेक्शन सुरू होण्यापूर्वी ही एक भेट टाळूच नये. रात्री-अपरात्री पोटात दुखले तर तुम्हाला पाहणार तेच आहेत.

पाचवी पायरी: पहिला कॉल

आमच्या घरात नेटवर्क येत नाही. विहिरीजवळच्या माडाखाली येते, म्हणून अण्णांनी तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि फोन पाण्याच्या टाकीवर टेकवला. मांडीवर गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, तपासण्यांचे कागद आणि वही होती. डॉक्टरांनी विचारले, ‘‘अण्णा, रात्री घोरता का?’’ अण्णा ‘‘नाही’’ म्हणाले. मागून कपडे वाळत घालणाऱ्या वहिनींनी तिथूनच सांगितले, ‘‘डॉक्टर, घोरतात, आणि मधेच श्वास थांबतो. मी हलवून जागं करते त्यांना.’’

त्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलली. झोपेत श्वास अडकण्याचा विकार जाड मानेच्या, पोट सुटलेल्या पुरुषांत फार आढळतो, त्याने रक्तदाब आटोक्यात येत नाही, दिवसा पेंग येते आणि गाडी चालवताना डोळा लागू शकतो. म्हणून पहिल्या कॉलला घरचे माणूस शेजारी बसवावे.

पुरुष ज्या गोष्टी सांगत नाहीत त्या नेमक्या सांगाव्या लागतात: दारू किती आणि किती वेळा, तंबाखू, संबंधांतला ताठरपणाचा त्रास, उदास वाटणे. ताठरपणाचा त्रास ही पुष्कळदा रक्तवाहिन्या बिघडत असल्याची लवकरची खूण असते, त्यामुळे त्यात लाजण्यासारखे काही नाही. मन फारच खचले असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. सांधेदुखीवर कोणाकडून बिननावाच्या पुड्या घेत असाल तर त्याही दाखवाव्यात, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते आणि त्यानेच वजन वाढते. ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

टेस्टोस्टेरॉनबद्दल दोन वाक्ये. लठ्ठपणात हे संप्रेरक कमी होते आणि वजन उतरले की बहुतेकदा आपोआप सुधारते. वजन कमी करण्यासाठी त्याची इंजेक्शने घेऊ नयेत, विशेषतः ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनी, कारण बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतूंची निर्मिती दबते.

सहावी पायरी: आपल्याच पानातला हिशेब

डॉक्टरांनी पहिले तीन महिने औषधाविना ठरवले. रोजच्या गरजेपेक्षा ५०० ते ७५० कॅलरी कमी आणि आठवड्याला अर्धा ते एक किलो घट, हे साधारण माप आहे. आहारतज्ज्ञांनी ओट्स किंवा ऑलिव्ह तेल सांगितले नाही याचा मला आनंद झाला. त्यांनी पान आहे तसे वाढून वजन करायला सांगितले. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर अण्णांचा एका वेळचा शिजलेला भात ४२० ग्रॅम भरला, म्हणजे जवळजवळ ५५० कॅलरी, आणि वहिनी म्हणाल्या, ‘‘भावोजी, आज कमीच वाढलाय.’’ तो भात १५० ग्रॅमवर, म्हणजे साधारण २०० कॅलरींवर आणला. सोबत माशाचा तुकडा एकाऐवजी दोन झाले आणि भाजी दुप्पट झाली.

मासा हे आपले मोठे भाग्य आहे. बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्त मासे शंभर ग्रॅमला १८ ते २० ग्रॅम प्रथिने देतात, आणि वजन उतरताना स्नायू टिकवायला प्रथिनेच लागतात. प्रश्न माशाचा नसून रव्यात घोळवून तेलात सोडण्याचा आणि वाटपातल्या नारळाचा आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. नारळ सोडायला कोणी सांगत नाही, पण दोन वेळचे वाटप आणि वर सोलकढी यांऐवजी दिवसातून एकदाच नारळ आणि दुसऱ्या वेळी नारळाचे दूध न घातलेले कोकमाचे सार, असा बदल वहिनींनीच सुचवला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीवर भर जातो. तिच्यात मीठ फार असते, रक्तदाब असणाऱ्यांनी ती भिजवून, पाणी टाकून आणि थोडीच खावी. त्या दोन महिन्यांत अंडी, कुळथाची पिठी, चवळी, मूग आणि ताक यांवर निभते. श्रावण-भाद्रपदातली ऋषीची भाजी तर वर्षभर मिळावी इतकी चांगली आहे.

हापूस बंद करावा लागला नाही. मध्यम आंब्याच्या गरात सुमारे ९० ते १०० कॅलरी असतात, तेव्हा दिवसाला एक आंबा हिशेबात बसतो. आमरसाच्या दोन वाट्या आणि पुऱ्या बसत नाहीत. काजूची ३० ग्रॅमची मूठ १७० कॅलरींची असते आणि चखण्याला ती मूठ एकदाच भरत नाही. साठ मिलिलिटरच्या व्हिस्कीत १४० कॅलरी आहेत. अण्णांनी आठवड्याचे चार दिवस एका दिवसावर आणले, आणि वहीत मला स्पष्ट दिसते की वजनाचा काटा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने हलला तो त्याच पंधरवड्यात.

चालणे आठवड्याला १५० मिनिटे आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढे पुरते. पावसात पडवीत फेऱ्या, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला जोर आणि पाण्याने भरलेल्या कळशा उचलणे. जिमची गरज पडली नाही. बारा आठवड्यांनी वजन ८२.६ झाले. पाच टक्के घट झाली की रक्तदाब आणि साखर यांत फरक दिसू लागतो, तसा तो दिसला.

सातवी पायरी: औषधाचा निर्णय

ऑरलिस्टॅट ही जुनी गोळी अन्नातली चरबी शोषू देत नाही. तेलकट खाल्ले तर शौच तेलकट आणि अनावर होते, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे कमी पडू शकतात. हल्ली ज्यांची चर्चा आहे ती आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शने: टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावाने आले, आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये वेगोवी या नावाने. ती भूक कमी करतात आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. २०२२ च्या टिर्झेपटाइडच्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. साधारणपणे बीएमआय ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत रक्तदाब, मधुमेह यांसारखा आजार, अशांसाठी ती आहेत. ८२.६ किलोला अण्णांचा बीएमआय २९.३ होता आणि रक्तदाबही होता, म्हणजे ते दुसऱ्या गटात बसत होते, आणि त्यांचे इंजेक्शन सुरू झाले.

सुरुवात लहान मात्रेने होते: सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅम, टिर्झेपटाइड २.५ मिलिग्रॅम, आणि निदान चार आठवड्यांनीच पुढची मात्रा. घाई करून मात्रा वाढवली की मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठ मागे लागतात. घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग झालेला असेल तर ही औषधे घेऊ नयेत. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून त्यांची मात्रा डॉक्टर आधीच कमी करतात. रक्तदाबाच्या गोळीचेही तेच: वजन उतरल्यावर उठताना चक्कर येऊ लागली तर रक्तदाब मोजून कळवावे. अण्णांची गोळी पाचव्या महिन्यात अर्धी झाली.

खर्चाचा विचार पहिल्या दिवशी करावा. मौंजारो आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला चार. किमती बदलत राहतात, पण एक वर्ष झेपेल का हे घरात बसून ठरवल्याशिवाय सुरुवात करू नये.

औषध परवानाधारक मेडिकलमधून, बिलावर बॅच क्रमांक घेऊनच घ्यावे. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या पावडरींतही भेसळ असू शकते. सिबुट्रामाइन हे हृदयाला घातक औषध भारतात २०११ पासून बंद आहे, आणि जगभर अशा पावडरींत ते सापडत आले आहे.

कोकणातला मोठा प्रश्न विजेचा आहे. ही इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात आणि गोठली तर टाकून द्यावी लागतात, म्हणून ती बर्फाच्या कप्प्याजवळ नको, मधल्या फळीवर ठेवावीत. टिर्झेपटाइड ३० अंशांपर्यंत २१ दिवस बाहेर टिकते, पण मे महिन्यात आपल्या घरातले तापमान ३० च्या वर असते हे विसरू नये. पावसाळ्यात एकाच वेळी तीन महिन्यांचा साठा करू नये. कणकवलीहून आणताना आम्ही थर्माकोलच्या पेटीत बर्फाची पिशवी आणि मध्ये टॉवेलची घडी ठेवत असू.

जे समुद्रावर जातात त्यांनी मात्रा वाढवण्याचा आठवडा किनाऱ्यावर काढावा. होडीवर उलट्या सुरू झाल्या आणि अंगातले पाणी कमी झाले तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मात्रा चुकली तर नियम औषधागणिक वेगळा आहे: टिर्झेपटाइड चार दिवसांच्या आत आठवले तर घ्यावे, नाहीतर ती मात्रा सोडून ठरल्या वारी पुढची घ्यावी. दोन कधीही एकदम घेऊ नयेत.

आठवी पायरी: देखरेख आणि धोक्याच्या खुणा

मात्रा वाढत असताना महिन्याला एक कॉल, नंतर दोन-तीन महिन्यांनी एक, आणि तीन महिन्यांनी रक्ततपासणी, असे आमचे चालले. कॉलच्या आदल्या रात्री वहीच्या पानाचा फोटो डॉक्टरांना पाठवत असू. पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून कळ पाठीत जाणे, थांबत नसलेल्या उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा डोळे पिवळे होणे, लघवी फार कमी होणे, नजर अंधूक होणे, यांपैकी काही झाले तर पुढचे इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जावे. कोणतीही शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीची तपासणी ठरली तर भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू असल्याचे आवर्जून सांगावे, कारण उपाशी असूनही जठरात अन्न राहिलेले असू शकते.

औषध थांबवताना

सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या लोकांनी औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी जवळजवळ दोन तृतीयांश परत आले. म्हणून पैसे संपले किंवा वजन उतरले म्हणून मनानेच बंद करू नये. कधी थांबवायचे, मात्रा कमी करायची की तशीच ठेवायची, हे डॉक्टरांबरोबर आधीच बोलून घ्यावे. अण्णांचे वजन आता ७४ आहे आणि इंजेक्शन चालू असले तरी मात्रा वाढवलेली नाही. येत्या मोसमानंतर ते थांबवून पाहायचे असे डॉक्टरांनी ठरवले आहे, आणि त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर दोन आकडे लिहून ठेवले आहेत: वजन ७६ किंवा घेर ९२, यांतले जे आधी येईल त्या दिवशी माडाखालच्या खुर्चीवर बसून फोन लावायचा.